कॉलेज बघायला जाताना: बारावीची मुलं आणि त्यांच्या आईबाबांसाठी

जून-जुलैत पुण्यातल्या कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजच्या गेटवर थोडा वेळ थांबा. पुढे वडील, काखेत फाईल. त्यांच्यामागे आई, हातात छत्री आणि पाण्याची बाटली. आणि चार पावलं मागे, मोबाईलमध्ये मान घालून, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप चाललाय तो मुलगा किंवा ती मुलगी. चौकशी वडील करतात, उत्तरं वडील ऐकतात, माहितीपत्रक आई पिशवीत टाकते. घरी गेल्यावर मुलाला विचारलं तर त्याला कॅन्टीनमधला वडापाव तेवढा आठवतो.

हा क्रम उलटा करायचा, मूल पुढे आणि आपण मागे, एवढंच माझं सांगणं आहे. बाकीचा लेख ते कसं जमवायचं याबद्दल. मी इंजिनिअरिंगबद्दल लिहितोय, कारण आमची भटकंती तीच झाली. फार्मसी किंवा आर्किटेक्चरवाल्यांना यातलं बरंच कामाला येईल.

आधी हे समजून घ्या: कॉलेजात जाऊन प्रवेश मिळत नाही

घरात पहिल्यांदाच कुणी इंजिनिअरिंगला जात असेल, तर हा गैरसमज हमखास असतो. आपण गेलो, सरांना भेटलो, दोन शब्द बोललो की काम होईल असं वाटतं. होत नाही. महाराष्ट्रातल्या सरकारी, अनुदानित आणि खासगी कॉलेजांच्या बहुतेक जागा सीईटी सेलच्या (राज्याच्या प्रवेश परीक्षा घेणाऱ्या सरकारी कक्षाच्या) केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे सगळे ज्याला 'कॅप' म्हणतात त्यातून भरल्या जातात. तुमची पर्सेंटाइल (शंभरातल्या किती जणांच्या पुढे आहात तो आकडा), तुमचा प्रवर्ग आणि तुम्ही ऑनलाइन भरलेला पर्यायांचा क्रम यावर संगणक जागा देतो. अभिमत आणि खासगी विद्यापीठांचे प्रवेश त्यांचे ते वेगळे घेतात. तिथल्या तारखा आणि परीक्षा आपण आपल्याच लक्षात ठेवायच्या.

मग कॉलेज बघायचं कशाला? तर त्या पर्यायांच्या फॉर्ममध्ये पहिल्या नंबरावर काय लिहायचं आणि सातव्या नंबरावर काय, हे ठरवायला. २०२५-२६ च्या प्रवेशांत चार फेऱ्या होत्या आणि पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला तर तो आपोआप कायम होत असे. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी काहीही मिळालं तरी तेच, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी. 'आत्ता टाकून ठेवू, मिळालं तर पुढच्या फेरीत बघू' हा जुना खेळ वरच्या पर्यायांपुरता संपला. नियम दरवर्षी थोडेफार हलतात, त्यामुळे त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचाच. पण वरचे सहा पर्याय डोळ्यांनी बघून लिहावेत, हे कुठल्याही वर्षी खरं.

घरबसल्या करायचं काम

प्रवासाला निघण्याआधी तीन गोष्टी एका टेबलाशी बसून, मुलाच्या हातात माऊस देऊन करायच्या.

पहिली, मागच्या वर्षीची कटऑफ, म्हणजे शेवटच्या विद्यार्थ्याला कितीवर जागा मिळाली तो आकडा. सीईटी सेलच्या संकेतस्थळावर प्रत्येक फेरीची पीडीएफ असते. उघडल्यावर आधी घाबरायला होतं, कारण जिकडेतिकडे 'जीओपीईएनएस', 'एलओबीसीएच' असले शब्द. ते फोडून वाचा. सुरुवातीचं अक्षर जी असेल तर सर्वसाधारण, एल असेल तर मुलींसाठीची जागा. मधे प्रवर्ग. शेवटी एस म्हणजे राज्यस्तरीय, एच म्हणजे त्याच विद्यापीठाच्या क्षेत्रातले विद्यार्थी, ओ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठाच्या क्षेत्रातले. वरचा आकडा गुणवत्ता क्रमांक, खाली कंसात पर्सेंटाइल. आपल्याला लागू पडणारा रकाना एकदा सापडला की पीडीएफ सोपी होते. पहिल्या आणि शेवटच्या फेरीतला फरकही बघा. काही शाखांना तो बराच असतो.

यातून तीन ढीग करा: जरा हाताबाहेरची, बरोबर टप्प्यातली आणि नक्की मिळतील अशी. बघायला जायची ती मुख्यतः मधल्या ढिगातली. सगळे लोक हाताबाहेरच्या कॉलेजचं गेट बघून फोटो काढून येतात आणि ज्या कॉलेजात चार वर्षं काढायची आहेत तिथे थेट प्रवेशाच्या दिवशीच पाय ठेवतात. आणि पुणे-मुंबई म्हणजेच इंजिनिअरिंग असं धरून चालू नका. सांगलीचं वालचंद १९४७ पासूनचं आहे; कराड आणि अमरावतीची शासकीय कॉलेजं आहेत, नांदेडला श्री गुरू गोबिंदसिंगजी आहे. राहण्या-जेवण्याचा खर्च धरून हिशेब मांडला की यातली एक-दोन नावं यादीत आपोआप वर सरकतात.

दुसरी गोष्ट, कॉलेजच्या वेबसाइटवरचं एनआयआरएफचं पान. या राष्ट्रीय क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थेला आपली माहिती स्वतःच्या वेबसाइटवर ठेवावी लागते. बहुतेक पालक क्रमांक बघतात आणि पान बंद करतात. क्रमांक सोडा. आत एक तक्ता असतो: पहिल्या वर्षाला किती जणांनी प्रवेश घेतला, त्यातले किती जण ठरलेल्या वेळेत पास झाले, किती जणांना नोकरी लागली, त्यांचा मध्यक पगार किती, किती जण पुढे शिकायला गेले. हा तक्ता आणि हमरस्त्यावरचं होर्डिंग शेजारी शेजारी ठेवून वाचा. होर्डिंगवर 'सर्वोच्च पॅकेज' असतं, म्हणजे एका मुलाचा पगार. मध्यक म्हणजे पगारांची चढती रांग लावली तर बरोबर मधल्या मुलाचा. आपलं पोर त्या मधल्या जागेच्या आसपास असण्याची शक्यता जास्त, तेव्हा आपल्या कामाचा आकडा तो. ठरलेल्या वेळेत पास होणाऱ्यांचा आकडा तर कुठल्याच होर्डिंगवर नसतो. समजा साडेतीनशे जण आत आले आणि चार वर्षांत दोनशेच बाहेर पडले, तर बाकीचे दीडशे कुठे अडकले हा प्रश्न घेऊनच कॉलेजात जायचं.

शाखेला एनबीएची (तांत्रिक अभ्यासक्रम तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता आहे का हेही कॉलेजच्या वेबसाइटवरच कळतं. नॅकची श्रेणी अख्ख्या संस्थेची असते, एनबीए एकेका अभ्यासक्रमाची. मेकॅनिकलला आहे म्हणून एआयला असेलच असं नाही.

तिसरी गोष्ट पैशाची. ती सगळ्यात अवघड, कारण ती आपण मुलांपासून लपवतो. खासगी विनाअनुदानित कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर बघता येते. त्यातून तुम्हाला काय सुटतं ते काढा. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे शुल्कमाफी योजनेच्या जागा बघा. या मंजूर जागांच्या वर पाच टक्के असतात, त्यांत शिक्षण शुल्क माफ असतं, आणि अर्थातच कटऑफ चढी असते. पर्यायांच्या फॉर्ममध्ये त्यांचा चॉइस कोड (कॉलेज आणि शाखेचा क्रमांक) वेगळा असतो, शेवटी टी लागतो. मुलींसाठी जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे: ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) किंवा ओबीसी प्रवर्ग, उत्पन्न आठ लाखांपर्यंत आणि प्रवेश कॅपमधून, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ही सवलत नाही. अनेक घरांमध्ये मुलीच्या पहिल्या पसंतीचं कॉलेज 'परवडणार नाही' म्हणून यादीतून आधीच काढलेलं असतं, आणि हा निर्णय कुणी वाचलेला नसतो.

एवढं झाल्यावर वर्षाला आपण किती देऊ शकतो तो आकडा मुलाला सांगा. स्पष्ट, रुपयांत, प्रवासाला निघण्याआधी. कॉलेज बघून, ते आवडून, घरी आल्यावर 'पण बाळा, एवढे कुठून आणायचे' हे ऐकणं वाईट. सतरा-अठराचं मूल आकडा पचवतं. नंतर बदललेला आकडा मात्र त्याला पचत नाही.

कधी जायचं

कामाच्या दिवशी. रविवारी गेलात तर वॉचमन आणि झाडं भेटतील.

उत्तम काळ म्हणजे कॉलेज चालू असतानाचा. अकरावीच्या वर्षात एखादा दिवस काढला तर फारच छान, कारण तेव्हा कुणाच्याच डोक्यावर पर्सेंटाइलचं भूत बसलेलं नसतं. तेव्हा टेकफेस्टलाही जाता येतं. पुण्याच्या सीओईपीचा माइंडस्पार्क, मुंबईच्या व्हीजेटीआयचा टेक्नोव्हांझा अशा उत्सवांना बाहेरची मुलं येतातच. मुलाला मित्राबरोबर पाठवा, तुम्ही नका जाऊ. फक्त एवढं सांगून ठेवा की उत्सवातलं कॉलेज नटलेलं असतं, रोजचं कॉलेज वेगळं.

बहुतेकांना मात्र सीईटीचा निकाल लागल्यावरच सुचतं. हरकत नाही, पण जून-जुलैच्या दोन अडचणी आहेत. एक, वरच्या वर्गांची मुलं परीक्षेत किंवा सुट्टीवर असू शकतात, म्हणून आधी फोन करून वर्ग चालू आहेत का ते विचारा. दुसरी, रस्ते. ज्ञानेश्वर आणि तुकाराम महाराजांच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात तेव्हा पेठांतून आणि हडपसर-दिवे घाटाच्या बाजूने वाहनाने जायची आशा सोडा. सोलापूरकडून येणाऱ्या आम्हा लोकांना तर पंचांग बघूनच निघावं लागतं. मुंबईत त्याच दिवसांत मोठी भरती आणि जोराचा पाऊस एकत्र आले की लोकलचा भरवसा नसतो.

एका दिवसात दोन कॉलेजं, तिसरं नाही. तिसऱ्या कॉलेजात सगळ्यांचे पाय दुखत असतात आणि बिचारं ते कॉलेज उगाच नापास होतं. दिशा धरून जोड्या लावा. पुण्यात धनकवडीचं पीआयसीटी आणि बिबवेवाडीचं व्हीआयटी एका दिवसात होतात, स्वारगेटवरून दोन्हीकडे जाता येतं. आकुर्डी-निगडीची कॉलेजं लोणावळा लोकलने आकुर्डी स्टेशनला उतरून. कर्वेनगरचं कमिन्स, जे फक्त मुलींचं आहे, ते कोथरूडच्या बाजूच्या फेरीत. मुंबईत माटुंग्याला व्हीजेटीआय आणि रसायनशास्त्राची वाट धरणाऱ्यांसाठी आयसीटी, दोन्ही चालत जाण्याच्या अंतरावर. अंधेरीचं सरदार पटेल आणि पार्ल्याचं द्वारकादास संघवी हे दुसऱ्या दिवशी.

पुण्या-मुंबईत मुक्काम नातेवाइकांकडे असेल तर रात्री काका 'आमच्या वेळी' सुरू करणार हे गृहीत धरा. ऐकून घ्या. कॉलेज बघायला मात्र त्यांना बरोबर नेऊ नका.

गेटवर आणि आत

परदेशात कॉलेजं ठरलेल्या वेळी पाहुण्यांना फिरवून आणतात, गळ्यात ओळखपत्र घातलेला विद्यार्थी वाटाड्या असतो. आपल्याकडे ती पद्धत फारशी रुजलेली नाही. इथे गेटवरच्या रजिस्टरमध्ये नाव, फोन नंबर आणि 'ॲडमिशन चौकशी' लिहायचं, आधारकार्ड दाखवायचं आणि आत जायचं. ॲडमिशन सेलमध्ये एखादे प्राध्यापक बसलेले असतात, ते माहितीपत्रक देतात आणि पाठ केलेलं भाषण म्हणतात. त्यांचा दोष नाही, सकाळपासून तेच चाललेलं असतं. भाषण संपलं की मुलाने विचारायचं, "सर, कॉम्प्युटर डिपार्टमेंटच्या लॅब बघता येतील का?" बहुतेक ठिकाणी शिपायाला सांगून दाखवतात. ज्या ठिकाणी 'आत्ता नाही, बंद आहे, साहेब नाहीत' असं चालू होतं, त्या ठिकाणाची वहीत नोंद करा.

त्याहून चांगली वाट म्हणजे ओळखीचा सीनियर. तुमच्या ज्युनियर कॉलेजातून दोन वर्षांपूर्वी गेलेलं कुणी ना कुणी तिथे असतंच. तिथल्या सरांना विचारा, ते नंबर काढून देतात. तो दादा किंवा ती ताई जे सांगेल ते माहितीपत्रकात छापलेलं नसतं.

आता मुख्य गोष्ट. जायच्या आधीच प्रश्नांची वाटणी करून घ्या. फी, वसतिगृह, सुरक्षितता हे आईबाबांचे प्रश्न. शाखा, लॅब, शिकवणं, क्लब, इंटर्नशिप हे मुलाचे. त्याचा प्रश्न त्याने विचारायचा आणि तो अडखळला तरी आपण मधे पडायचं नाही. हे फार अवघड आहे, मला माहीत आहे. समोरच्या प्राध्यापकांचाही कल वडिलांकडे बघून बोलण्याचा असतो. अशा वेळी एक सोपा उपाय आहे: आपण दोन पावलं मागे सरकून भिंतीवरचं काहीतरी वाचायला लागायचं. प्राध्यापकांना मग मुलाकडेच बघावं लागतं. आणि सुरुवातच 'आमच्या मुलीला सत्त्याण्णव पर्सेंटाइल आहेत' अशी करू नका. मुलीला मेल्याहून मेल्यासारखं होतं, आणि पुढचा अर्धा तास ती तोंड उघडत नाही.

एखादा तास तिला एकटीला सोडा. तुम्ही कॅन्टीनमध्ये चहा घ्या. सीनियर मुलं आईबाप समोर असताना "हो काका, खूप छान कॉलेज आहे" एवढंच म्हणतात. तुम्ही नसताना "ताई, खरं सांग, सेकंड इयरला शिकवतात का सगळं यूट्यूबवरूनच?" याचं खरं उत्तर मिळतं.

काय बघायचं

इमारत नाही. १८५४ मध्ये सुरू झालेल्या सीओईपीच्या दगडी इमारतीसमोर कुणीही भारावून जाईल, आणि काचेच्या नव्या कोऱ्या इमारतीसमोर आपले लोक त्याहून जास्त भारावतात. दोन्हींतून शिकवण्याबद्दल काही कळत नाही. भिंतीला लावलेले कागद वाचा.

नोटीस बोर्डाइतकं प्रामाणिक काही नसतं. डिफॉल्टर लिस्ट लागलेली असते, म्हणजे हजेरी कमी असलेल्यांची यादी. साठ जणांच्या वर्गात चाळीस नावं असतील तर एक तर वर्गात बसण्यासारखं काही नाही किंवा नियम फक्त कागदावर आहेत. टाइमटेबलवर प्रात्यक्षिकांच्या तुकड्या आणि शिक्षकांची आद्याक्षरं असतात. तीच दोन आद्याक्षरं सगळ्या वर्गांच्या सगळ्या तासांना दिसली तर शिक्षक किती आहेत याचा अंदाज येतो. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेच्या) निकषाप्रमाणे वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा. वेबसाइटवर यादी मोठी असते, केबिनच्या दारांवरच्या पाट्या मोजल्या की कळतं.

लॅबमध्ये यंत्रांवर प्लास्टिकचं आवरण आणि आवरणावर धूळ असेल तर ती यंत्रं तपासणीच्या पथकासाठी आहेत. मुलाने शेजारी प्रॅक्टिकल करणाऱ्या एखाद्याला विचारावं, "एका पीसीवर किती जण बसता?" वर्कशॉपमध्ये फरशीवर लोखंडाचा कीस पडलेला दिसला तर मला बरं वाटतं.

ग्रंथालयात संध्याकाळी पाचच्या सुमाराला जा. अभ्यासिकेतल्या खुर्च्या भरलेल्या आहेत की रिकाम्या, एवढंच बघून परत या.

गेटबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात दोन पानं झेरॉक्स करून घ्या आणि गप्पा मारा. सबमिशनच्या आठवड्यात तिथे काय चालतं, कुठल्या विषयाची फाईल अख्खा वर्ग एकाच मुलाची उतरवतो, कुठल्या सरांची अजिबात चालत नाही, हे त्या माणसाला ठाऊक असतं.

शाखांच्या नावांबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं. गेल्या काही वर्षांत कॉम्प्युटरला शेपट्या फुटल्या आहेत: एआय अँड डीएस (डेटा सायन्स), एआय अँड एमएल (मशीन लर्निंग), सायबर सिक्युरिटी, आयओटी (इंटरनेट ऑफ थिंग्ज). नाव ऐकून मुलं हरखतात, पालक त्याहून जास्त. अशा शाखेत गेल्यावर मुलाने चार प्रश्न विचारायचेच. पहिली तुकडी बाहेर पडली का? पहिल्या दोन वर्षांतले विषय कॉम्प्युटरपेक्षा नेमके कुठे वेगळे आहेत? शिकवणारे कोण, या शाखेचे स्वतःचे की कॉम्प्युटर आणि ईएनटीसीचे (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशनचे) उसने? मुलाखतींना कंपन्या या शाखेला कॉम्प्युटरबरोबर बसवतात का? उत्तरं नीट मिळाली तर नवी शाखाही चांगली असू शकते. माझं मत विचाराल तर बऱ्या कॉलेजातली जुनी शाखा नव्या नावाच्या रिकाम्या विभागापेक्षा बरी.

कॉलेज स्वायत्त आहे की विद्यापीठाशी संलग्न, याचा अर्थ मुलाला तिथेच विचारून घेऊ द्या. स्वायत्त कॉलेज अभ्यासक्रम स्वतः ठरवतं आणि पेपरही स्वतः काढतं. चांगल्या ठिकाणी त्यामुळे अभ्यासक्रम ताजा राहतो, ढिल्या ठिकाणी पेपर ढिले होतात.

राहणं आणि जेवणं

बाहेरगावच्या मुलांच्या बाबतीत इंजिनिअरिंग सोडून जाण्याची वेळ येते ती गणितामुळे जितकी, तितकीच खोलीमुळे. म्हणून अर्धा दिवस याला द्या.

कॉलेजचं वसतिगृह असेल तर पहिल्या वर्षाला किती जागा, त्या कशावर मिळतात आणि दुसऱ्या वर्षी खोली राहते की काढून घेतात, हे तिन्ही विचारा. तिसरा प्रश्न लोक विसरतात. मुलींच्या वसतिगृहाची गेटची वेळ विचारा आणि मुलांच्या वसतिगृहाचीही विचारा. दोन्हींत किती फरक आहे त्यावरून त्या संस्थेचा मुलींकडे बघण्याचा दृष्टिकोन कळतो. अभ्यासिका किंवा प्रोजेक्टसाठी उशीर झाला तर काय करायचं, याचं उत्तर तयार असलं पाहिजे. मेसमध्ये जेवा, पैसे देऊन. शक्यतो बुधवार-गुरुवारी, कारण रविवारची फीस्ट सगळीकडेच चांगली असते.

बाहेर राहायचं तर कॉट बेसिसवरच्या खोल्या आणि पीजी. खोली दिवसा बघितली तर संध्याकाळी सातनंतर तो रस्ता पुन्हा चाला, बसस्टॉपपासून खोलीपर्यंत. दिवे आहेत का, दुकानं उघडी असतात का. पाणी दिवसातून किती वेळ येतं आणि टँकरचे पैसे कोण भरतं हे पुण्यात विचारायलाच लागतं. डिपॉझिट परत कधी आणि काय कापून मिळणार ते कागदावर घ्या. घरमालक 'कागदाची काय गरज, तुम्ही आमच्या घरातलेच' म्हणाला की कागद नक्की घ्या.

सरकारी आधारही आहे. शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. अटी बघून घ्या आणि कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात विचारा की मागच्या वर्षी किती मुलांचे अर्ज मंजूर झाले. त्या खिडकीवरचा माणूस कसं बोलतो तेही बघा, पुढची चार वर्षं मूल त्याच खिडकीवर उभं राहणार आहे.

रॅगिंगबद्दल मोकळेपणाने विचारा. यूजीसीच्या २००९ च्या नियमांमुळे विद्यार्थी आणि पालक दोघांनाही प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, प्रत्येक संस्थेत समिती असते. राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक १८००-१८०-५५२२. तो मुलाच्या फोनमध्ये तिथेच सेव्ह करा.

गेटबाहेरचे 'सर'

चौकशी करून बाहेर पडलात की कुणीतरी गाठतो. "काका, कितीला बसतंय? मॅनेजमेंटची सीट करून देतो." संस्था स्तरावरच्या, म्हणजे व्यवस्थापन कोट्याच्या जागा कायदेशीर आहेत, पण त्यांचीही जाहिरात, अर्ज आणि गुणवत्ता यादी असते आणि पैसे कॉलेजच्या खात्यात पावतीने भरायचे असतात. देणगी घेऊन प्रवेश देण्यावर महाराष्ट्रात १९८७ पासून कायद्याने बंदी आहे. रोख मागणाऱ्या माणसाशी 'बघू' असंही बोलू नका, नंबर देऊ नका. आणि दाखला किंवा बारावीची मूळ गुणपत्रिका 'जागा धरून ठेवायला' कुणाच्याही ताब्यात देऊ नका, मग तो कॉलेजचा माणूस का असेना. पडताळणीला मूळ कागद दाखवायचे आणि लगेच परत घ्यायचे.

फीचा तपशील लेखी मागा: शिक्षण शुल्क, विकास शुल्क, परीक्षा, अनामत, वसतिगृह, मेस, बस. तोंडी सांगितलेल्या एकरकमी आकड्यात नेहमी काहीतरी सुटलेलं असतं.

परतीच्या वाटेवर

बसमध्ये बसल्या बसल्या 'मग? कसं वाटलं?' विचारू नका. 'बरं आहे' एवढंच उत्तर येईल आणि त्यावर तुम्ही तुमचं मत सांगायला लागाल. दोघांनी आपापल्या वहीत, एकमेकांचं न बघता, प्रत्येक कॉलेजबद्दल चार-पाच ओळी लिहायच्या. इथे यायला का आवडेल, कशाची भीती वाटते, काय विचारायचं राहिलं. घरी पोचल्यावर वह्यांची अदलाबदल. आमच्याकडे ज्या कॉलेजला मी लेकीला शोभेलसं म्हणून वर घातलं होतं, त्याबद्दल तिने लिहिलं होतं, 'सगळे फार घाईत वाटले.' मला ते दिसलंही नव्हतं.

मत पटलं नाही तर कुणाचं चालायचं? आम्ही सरळ नियम केला होता. पैशाच्या मर्यादेवर शेवटचा शब्द आईबाबांचा, तो आकडा आधीच सांगितलेला होता. त्या मर्यादेत बसणाऱ्या कॉलेजांतला क्रम मुलीचा. शेजारच्यांचा मुलगा कुठे आहे हा मुद्दा चर्चेत आणायला बंदी.

फॉर्म भरताना क्रम मनापासूनच्या आवडीने लावा, मागच्या कटऑफच्या उतरत्या क्रमाने नाही. वर अवघड कॉलेज लिहिल्याने खालचं हुकत नाही. संगणक वरून खाली बघत येतो आणि जे बसतं ते देतो. उलट, 'हे सोपं आहे, नक्की मिळेल' म्हणून पहिल्या नंबरावर लिहिलं तर ते मिळेल आणि कायमही होईल. न बघितलेलं कॉलेज पहिल्या सहात नको. फॉर्म शक्यतो घरी, मुलाच्या हाताने भरा. सायबर कॅफेत भरावाच लागला तर पासवर्ड आणि ओटीपी तिथल्या माणसाला सांगू नका, चॉइस कोड आपल्या वहीतल्या यादीशी एकेक करून ताडून बघा, कन्फर्म केल्यावर प्रिंट काढा आणि निघण्याआधी लॉगआउट झालंय ना ते मुलाला बघायला सांगा.